मागच्या पायरीवरची जागा

आदरणीय अध्यक्षा सुलोचनाबाई, आमच्या चिटणीस मंदाताई, आजच्या सत्कारमूर्ती वनमालाबाई आणि चहाची वाट पाहत माझं भाषण सोसणाऱ्या दौलतगंजातल्या समस्त भगिनींनो,

मंदाताई म्हणाल्या, "लीलाताई, थोडक्यात बोला हं." बाई, मी खेड्यातल्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. थोडक्यात बोलणं पाचवीत शिकवतात.

तर नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली. तिच्यामागून वनमालाबाईंच्या यजमानांचं दफ्तर गेलं. टेबलं गेली, कपाटं गेली, आता या चालल्या. सरकारनं म्हणे एकेक खुर्ची मोजून नेली. पण आपल्या या लश्कर शहरातून आणखी काय काय गेलं, ते सरकारला कोण सांगणार?

वनमालाबाईंचा आवाज निम्म्या जणींनी ऐकलेला नसेल. भजनात त्या नुसते ओठ हलवतात. मी शेजारी बसून तपासलंय. कुणी म्हणालं, घमंडी आहे. कुणी म्हणालं, घरी काही दुःख असेल. अहो, एखादीला गप्प बसायला आवडतं, एवढं साधं का असू नये?

आता इथलंच संक्रांतीचं हळदीकुंकू घ्या. तेव्हा माझ्यासारखीनं कुठं बसायचं, ते मी सांगायला नको. तसं कुणी काही म्हणत नाही. मीच "जरा चहाचं बघते" म्हणून उठते आणि मागच्या पायरीवर जाऊन बसते. आमचे हे वारले, त्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी अशीच मागं आले, तर पायरीवर वनमाला आधीच बसलेली. कपाळाला कुंकू, हातात वाण, डोळे मिटलेले.

मी म्हटलं, "काय गं, तुला कुणी उठवलं?"

"कुणी नाही. आत फार माणसं आहेत."

"मग मीही जाऊ?"

"नको, बसा ना. तुम्ही एकट्याच तर आहात."

म्हणजे मी माणसांत जमा नाही. यावरून मी तिला होळीपर्यंत छळलं.

मग दर वर्षी तेच. मधेच ती उठायची, आत जाऊन चार जणींशी हसायची, तीळगूळ द्यायची आणि परत येऊन टेकायची. माणसांत जाणं तिला पाणी भरायला जाण्यासारखं. पाणी तर हवंच, पण घागर जड. मी बडबडायची, ती "हूं" म्हणायची. माझ्या घरच्या भिंती तेवढंही म्हणत नाहीत हो.

तिला एकांत लागतो. मला एकटं बसावं लागतं. ही दोन 'लागणं' वेगळी, हे आमच्या मास्तरांनी कधी शिकवलं नाही. ते पायरीवर कळलं.

सुलोचनाबाई, इकडेतिकडे शोधू नका. मी बोलता बोलता संक्रांतीच्या गोष्टीवर आले तेव्हाच तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. हार ठेवलाय बघा, नीट घडी करून. पत्रिकेत पुढं 'सत्कारमूर्तींचं मनोगत' छापलंय ना? त्या धास्तीनं तिनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही. म्हणून ते मीच उरकते.

वनमालाबाई तुम्हा सर्वांच्या मनापासून आभारी आहेत. त्या कमी बोलल्या, मी जास्त बोलले. दोन्ही एकत्र करा, हिशेब बरोबर येईल, आणि दोघींना माफ करून टाका.

मंदाताई, आम्हा दोघींचा चहा मागच्या पायरीवर पाठवा. येत्या संक्रांतीला ती पायरी सबंध माझीच आहे. आज मला अर्धीच हवी.