पाहुणी येवो न येवो

माझं माहेर पिंपळनेरचं. तिथल्या डोंगरावर पडलेला पाऊस पांझरेतून धुळ्याला उतरतो, आणि मीही तशीच उतरले म्हणा, आधी कॉलेजला, मग पुराचा अंदाज काढणाऱ्या ऑफिसात नोकरीला. नव्वदच्या आसपास आमच्याकडे कॉम्प्युटर आला, आणि काय सांगू तुम्हाला, मी तर हरखूनच गेले! डोंगरात पाऊस किती, माती किती भिजलेली, नदीला उतार किती, एवढं भरलं की पुलापाशी पाणी किती चढेल ते तो सांगायचा. पण एक आकडा नाही हो, इतक्यापासून इतक्यापर्यंत, असं. कारण पाऊस मोजायचं भांडं पिंपळनेरात आणि ढग मागच्या डोंगरावर, तिथं किती कोसळला ते कोण बघणार?

माझा मोठा भाऊ धुळ्यातच पांझरेच्या कोरड्या पात्रात, बाजाराच्या दिवशी, कांदे विकायचा. सगळा बाजार त्याचं ऐकायचा, माझं मात्र नाही. एका पावसाळ्यात मी सांगितलं म्हणून सगळ्यांनी दुकानं उचलली आणि नदी आलीच नाही, तेव्हापासून मी दिसले की बाजारातल्या बाया हसायच्या, ताई, तुना पूर उना का? आला का तुझा पूर, असं.

आणि पुढच्या वर्षी पुन्हा बाजाराच्याच दिवशी वायरलेसवर पिंपळनेरचा मोठा पाऊस कळला. धुळ्यात लख्ख ऊन! कॉम्प्युटर म्हणे घोट्यापासून पुरुषभरापर्यंत, कितीही. साहेब म्हणाले, मी वर कळवतो, तुम्ही बाजारात सांगा, पण नक्की येईल म्हणू नका, ते खोटं होईल. मी धावत पात्रात. भाऊ म्हणाला, पानी ई का नही, तेवढं सांग. मी म्हटलं, भाऊ, असा पाऊस दहादा पडला तर चारदा मोठं पाणी येईल, सहादा नाही. मला वाटलं, आता हाही हसणार. तो म्हणाला, चार? गंज व्हयनात! पुष्कळ झाले म्हणाला, आणि तराजू खाली ठेवला.

आमच्याकडे नदीला पाणी आलं की बाया काठावरून तिची ओटी भरतात, पाहुणीच ती. भाऊ कांद्याच्या गोणीवर चढला आणि ओरडला, मायस्होन, पाहुनी येवो नही ते नको येवो, पाट मांडाले काय जास? बठ्ठा सामान लई वर चाला, आज ओटी आधी भरू! पाट मांडायला आपलं काय जातं म्हणाला, सगळं सामान घेऊन वर चला. एक म्हातारी म्हणाली, आन नही उनी ते? मंग नारय आपुन खाऊ, भाऊ म्हणाला. अख्खा बाजार हसला, आणि हसत हसत, टोपल्या, तागड्या, पोरं, कोंबड्या घेऊन घाट चढला.

खणानारळाची ताटं हातातच होती हो, आणि गडगडाट झाला, तांबडं पाणी उभंच्या उभं आलं, बांबू, ओंडके, झुडपं घेऊन, आणि आमचा बाजार जिथं बसायचा तिथून धावत गेलं! पात्रात एक माणूस नव्हतं. मी वेड्यासारखी टाळ्या वाजवत होते, आणि रडत होते.

भाऊ यंदाच्या उन्हाळ्यात गेला. आता बाजारात कुणी मला येईल का नाही विचारत नाही, विचारतात, ताई, दहामा किती? परवा मी म्हटलं, तीन. सगळे सामानसुमान घेऊन वर आले, नदी काही आली नाही. मग घाटावर बसून आम्ही नारळ फोडला, आणि पहिला तुकडा भाऊच्या नावानं कोरड्या वाळूत ठेवला.