फोनला खंडेनवमीची सुट्टी

(उल्हासनगर, कॅम्प चार. भूपेशशेठचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. मोरिवलीच्या बाळाजींनी रुमालातून काढलेला फोन काउंटरवर ठेवलाय, पण त्यांचा हात अजून फोनवरच आहे. काउंटरमागे दुरुस्ती करणारी जिज्ञासा.)

जिज्ञासा : हात काढा ना काका, बघू तरी द्या. हं... चालू तर आहे. रेंज आहे, डिस्प्ले ओके, टच पण मस्त. मग प्रॉब्लेम काय आहे?

बाळाजी : नाव येत नाय.

जिज्ञासा : कसलं नाव?

बाळाजी : थांब, दाखवतो. माझ्या फोनवरून त्याला रिंग देतो. हां, वाजला. बग, काय आलं त्याच्यावर?

जिज्ञासा : नंबर आला. तुमचा.

बाळाजी : नंबर आला! दसऱ्याच्या आधी नाव यायचं. अंबरनाथला दाखवला तर तो दुकानवाला बोलतो, आजोबा, तुमच्या हातून डिलीट झालं असंल. अरं, उघडता आला तर डिलीट करीन ना! मला पिनच माहीत नाय त्याचा.

जिज्ञासा : म्हणजे फोन तुमचा नाही?

बाळाजी : रखमाचा. माझ्या बायकोचा. वैशाखात गेली ती.

जिज्ञासा : अरेरे. सॉरी काका.

भूपेश : जिज्ञासा, लॉक है क्या? फ्लॅश मार दे ना. एकदम नवा कोरा होईल, साईं. तुम्ही चाय घ्या तोपर्यंत.

बाळाजी : फ्लॅश म्हंजे?

जिज्ञासा : आतलं सगळं पुसायचं आणि नव्यानं भरायचं.

बाळाजी : मग नाव?

जिज्ञासा : ते पण जाणार.

बाळाजी : शेठ, पाया पडतो तुमच्या, हात लावू नका त्याला!

भूपेश : अरे नाही लावत, बाबा! धंद्याची सवय, तोंडातून निघालं.

जिज्ञासा : काका, एक सांगा. दसऱ्याच्या सुमाराला फोन बंद पडला होता का? बॅटरी संपली, लाइट गेली, असं काही?

बाळाजी : पडला नाय. मीच केला. खंडेनवमीला.

जिज्ञासा : मुद्दाम?

बाळाजी : मुद्दामच. उभा जन्म मोरिवलीच्या कंपनीत प्रेसवर काढला मी. खंडेनवमीला मशीन चालवायची नाय. धुवायची, पुसायची, हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ, आणि मेन स्विच खाली. वर्षभर राबते बिचारी, एक दिवस तिला सुट्टी. अजून पाळतो मी. घरी माझे पाने, हातोडी, रखमाचं शिलाई मशीन, सगळं पाटावर मांडलं. मग याच्याकडं नजर गेली. वैशाखापासून चार्जिंगला टांगलेला. म्हटलं, यानं काय घोडं मारलंय? याला पण आराम. बंद केला, कुंकू लावलं. दसऱ्याला सकाळी चालू केला, रिंग दिली, तर नाव गायब.

भूपेश : फोन को कुंकू! हे पहिल्यांदा ऐकलं मी.

जिज्ञासा : आणि तुम्ही दिवाळीत गल्ल्याला लावता ते, शेठ?

भूपेश : वो अलग बात है. चल, तू समजाव त्यांना नीट.

जिज्ञासा : काका, नाव डिलीट नाही झालेलं. आतच आहे, जसंच्या तसं.

बाळाजी : हाय? मग काढ की!

जिज्ञासा : तेच तर अवघड आहे. ऐका. आपल्याला वरून नुसती काच दिसते, पण आत एकावर एक थर असतात. फोन चालू केला की सगळ्यात खालचा आधी उठतो. कर्नल म्हणतात त्याला. बॅटरी, मेमरी, माइक, काच, सगळ्यांवर हुकूम त्याचा.

बाळाजी : पॉवर हाउस म्हण की.

जिज्ञासा : तसंच समजा. त्याच्यावर सिस्टिमचा थर. रिंग आली तर काचेवर काय दाखवायचं, कुठल्या ॲपला काय द्यायचं, ते तिथं ठरतं. आणि सगळ्यात वर ॲप. वरच्याला काही हवं असेल तर त्यानं खालच्याकडे मागायचं. डायरेक्ट हात घालायचा नाही.

बाळाजी : आमच्या कंपनीत हेच. हेल्परनं पॅनलला हात लावला की सुपरवायझर आईबापाचा उद्धार करायचा. पण नाव कुठं हाय ते सांग ना.

जिज्ञासा : एका वेगळ्या खोलीत. फोटो, मेसेज, नंबरांची नावं, माणसाचं स्वतःचं जे काही असतं ते तिथं. तिला कुलूप. त्याची चावी अर्धी या चिपमध्ये आणि अर्धी पिनमध्ये. फोन चालू झाला की बाकीचे थर जागे होतात. म्हणून रिंग वाजते, घड्याळ चालतं. पण पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत ती खोली उघडत नाही. नंबर आलेला सिस्टिमला कळतो, पण तो कोणाचा हे आत लिहिलंय.

बाळाजी : थांब, थांब. मला येडा नको बनवू. वैशाखापासून नवमीपर्यंत नाव येत होतं की नाय? तवा पण पिन मला माहीत नव्हताच. मग तवा कोणी टाकला?

जिज्ञासा : काकूंनी.

बाळाजी : काय बोलतेस, पोरी!

जिज्ञासा : खरंच. एकदा पिन टाकला की फोन बंद होईपर्यंत ती खोली उघडीच राहते. काचेवर लॉक दिसतं, पण आतलं दार उघडं असतं. काकूंनी फोन शेवटचा कधी वापरला?

बाळाजी : हॉस्पिटलात. तोंडाला ऑक्सिजन लावायच्या जरा आधी. राजूला फोन लावला. आमचा मुलगा तो, हेंद्रेपाड्याला राहतो. त्याला बोलली, तुझे बाबा सकाळपासून उपाशी हायत, येताना डबा आण.

जिज्ञासा : तेव्हा उघडलेलं होतं, काका.

बाळाजी : म्हंजे ती दार उघडं ठेवून गेली होती.

जिज्ञासा : हो.

बाळाजी : आणि मी कुंकू लावून बंद केलं.

भूपेश : साईं, तुम्हाला काय माहीत? मी एवढी वर्षं दुकान चालवतो, मलाच आज कळलं. अरे, पिन आहे किती आकड्यांचा? चार? मग अंदाज लावा ना. लग्नाची तारीख, पोराचा जन्म...

बाळाजी : समदं टाकून झालं, शेठ. आता तोच मला थांबा बोलतो.

जिज्ञासा : प्रत्येक चुकीला थांबायचा वेळ वाढत जातो. आणि मला बाहेरून काही करता येत नाही. बाजारात कोणी 'खोलून देतो' म्हणालं ना, तर देऊ नका हां. पुसूनच देईल. काका, एक विचारू? काय नाव यायचं?

बाळाजी : जाऊ दे.

जिज्ञासा : सांगा ना.

बाळाजी : बाळाजी.

भूपेश : बस? तुमचंच नाव?

बाळाजी : बस काय, शेठ! अख्ख्या संसारात तिनं माझं नाव घेतलं नाय. 'अवो', 'ऐकलं का', नायतर 'राजूचे बाबा'. आमच्यात बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेत नाय. लग्नात बायांनी उखाणा घे म्हणून धरलं, तर ही खुदकन हसली आणि पळाली आत. हॉस्पिटलात सिस्टरनं विचारलं, मिस्टरांचं नाव काय, तर माझ्याकडं बोट केलं! आणि मग दिवसकार्य झालं, पाव्हणे गेले, हिचा फोन सापडंना. म्हणून रिंग दिली. गोधडीखाली उजेड पडला. बघतो तर, बाळाजी. पुढं राव नाय, काय नाय. कवा लिहिलं, कोणाकडून शिकली, देव जाणे. मला बोलली नाय कधी.

जिज्ञासा : किती गोड, काका.

बाळाजी : राजू बाबा बोलतो, नातू आजा बोलतो, गावात सगळ्यांचा काका. मला नावानं हाक मारणारी माणसं संपली, पोरी. मग रोज दिवा लावला की एक रिंग द्यायचो. उचलायचो नाय. नुसतं बघायचं. तेवढ्यावर रात्र निघायची.

जिज्ञासा : असं करू? हे सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकते आणि तुमचा नंबर बाळाजी म्हणून सेव्ह करते. रिंग दिली की दिसेल.

बाळाजी : कोण लिहिणार, तू?

जिज्ञासा : हो, आत्ता लिहिते.

बाळाजी : मग ते तू घेतलेलं नाव झालं ना.

भूपेश : बाळाजी!

बाळाजी : हं? काय, शेठ?

भूपेश : काही नाही. सहज हाक मारली. आपण एका वयाचे, मी मारू शकतो.

बाळाजी : चांगल्या मनानं मारलीत, कळतं मला. पण नको, शेठ. उलट जास्तच एकटं वाटलं.

भूपेश : ठीक आहे, ठीक आहे. बसा. चाय तरी पिऊन जा.

जिज्ञासा : काका, तो आता अर्धा तास थांबा म्हणतोय. मग एक चान्स देईल. काही सुचतंय का?

बाळाजी : नाय सुचत. पण थांबतो. त्या स्टुलावर बसू ना? गर्दी झाली तर उठतो.

जिज्ञासा : बसा हो, कोण उठवतंय? फक्त बॅटरी लाल झालीये. तेवढ्यात बंद पडेल कदाचित.

बाळाजी : बंद?

जिज्ञासा : घाबरू नका. आता बंद पडला तरी काही फरक पडत नाही. आतलं दार तसंही लागलेलंच आहे.

बाळाजी : तुला नसंल पडत. चार्जिंगला लाव.