एका भिंगाचं दरपत्रक

सांगा बरं, एकट्याच्या खऱ्या बोलण्यावर विश्वास ठेवाल की तिघांच्या कागदांवर? निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरची गोष्ट. सरकारी कापूस फार्मवरच्या सूक्ष्मदर्शकाला नवं भिंग हवं होतं. त्यावाचून तिथल्या संशोधक साहेबांचं कापसाच्या रोगावरचं काम अडलेलं. ते भिंग बनवणारी कंपनी एकच, परभणीत तिचा एजंट मी.

फार्मचे कारकून म्हणाले, "शेठ, सरकारी खरेदीला तीन दुकानांची दरपत्रकं लागतात. दोन खोटी जोडा, लय जण जोडतेत."

मी नमुन्याचं भिंग बसवून खाली कापसाचा तंतू ठेवला. "आधी बघा तर, रावसाहेब."

डोळा लावला तो उचलेचनात. चहा निवला.

"शेठ, चांदण्यात नदी वळत जायलीय हो! असलं दुसरीकडं मिळतं?"

"न्हाई."

"मग तसंच लिहितो, दरपत्रक एकच जोडा."

आणि मंजुरी आली! तुम्हीही हिशोब लिहाल तेव्हा एवढं करा, एकाचे तीन लिहू नका.