दोन कार्डांचा दरवाजा

(हॅनोव्हरजवळचा औषधी गांजा पिकवणारा कारखाना. दुपारचे बारा. अहिल्याचं ऑफिस.)

अहिल्या: तर ध्रुव, पुन्हा विचारते. चार नंबरच्या खोलीत तुझ्याबरोबर कोण होतं?

ध्रुव: कोणी नाही हो ताई. शप्पथ. एकटाच गेलो.

अहिल्या: एकट्याला तो दरवाजा उघडत नाही. दोन माणसं, दोन कार्डं. पान न् पान मोजलं जातं इथे.

ध्रुव: माहितेय की. मी माझं कार्ड लावलं, दुसरं कोण लावतंय म्हणून इकडंतिकडं बघतोय, तोवर हिरवा दिवा.

अहिल्या: आणि शिरलास आत?

ध्रुव: स्क्रीनवरचा आकडा बघून राहवेना. दिवसा त्या खोलीत अंधार ठेवतो आपण. झाडांना देतो त्या गॅसचा व्हॉल्व्हही बंद. झाडं सोडतील तेवढाच कार्बन डायऑक्साइड दिसायला हवा. हा वर-खाली होत होता. कोणाचा तरी श्वास चालल्यासारखा. म्हटलं, माणूस अडकलाय आत.

अहिल्या: होतं कोणी?

ध्रुव: दिसलं तरी नाही. ताई, माझ्यासोबत तुम्ही होता असं फॉर्मवर लिहा ना. माझा प्रोबेत्साइटचा चाचणीकाळ संपायला तीनच आठवडे राहिलेत. गांजाच्या खोलीत एकटा शिरला म्हणून काढला, असं कळलं तर पुढं कोण दारात उभं करेल? चोरच समजतील. आईला तर अजून 'औषधं बनवतो' एवढंच सांगितलंय मी.

अहिल्या: दुसरं कार्ड लागलंय, ध्रुव. हे बघ नाव.

ध्रुव: सुधीर? हे कोण?

अहिल्या: तुझ्या आधी तुझ्याच खुर्चीवर होता. नाशिकचा. मार्चमध्ये त्याच खोलीत वारला. व्हॉल्व्ह अडकून गॅस साठला होता. बाहेर ओढायला सोबत कोणी नव्हतं.

ध्रुव: पण त्याचं कार्ड...

अहिल्या: तेव्हाच बंद केलं. तेव्हापासून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. हे काय.

ध्रुव: आणि एकटा कसा गेला तो? दोन माणसं लागतात म्हणालात.

अहिल्या: दाराला कार्डं लागतात, माणसं नाही. बोलवायला आला होता मला. माझी मीटिंग होती. मी माझं कार्ड त्याच्या हातात दिलं.

ध्रुव: अरे देवा. चौकशीत काय सांगितलंत?

अहिल्या: दारापर्यंत सोबत होते म्हणून लिहून दिलं. तू आत्ता मागतोयस ना, गेनाऊ, अगदी तसंच. एकदा लिहिलंय मी ते.

ध्रुव: ताई, एक सांगायचं राहिलंय. आत कोणी दिसलं नाही, पण बोललं. मराठीत. इथं मराठी आपण दोघंच. माझी पाचावर धारण बसली.

अहिल्या: काय बोललं?

ध्रुव: "ताई आल्या का?"

अहिल्या: फॉर्म दे इकडे. माणूस अडकलाय समजून तू एकटा गेलास, तेच लिहिते. आणि मार्चचंही खरं लिहिते. माझी नोकरी जाईल. तुझीही कदाचित. पण खोटी सही पुन्हा नाही रे होणार माझ्याच्याने. भीती वाटते मला.

ध्रुव: लिहा.

अहिल्या: तू काय उत्तर दिलंस त्याला?

ध्रुव: म्हटलं, येतायत.