ताईंच्या नावाचा फोल्डर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या ताई, त्यांचे यजमान, आणि चहा कधी येतो याकडे कान लावून बसलेले माझे सहकारी,

संयोजक म्हणाले, सर, दोन गोड शब्द बोला. गोड बोलणं माझ्या स्वभावात नाही, तरी प्रयत्न करतो. ताई मोठ्या संस्थेत प्रयोगशाळाप्रमुख म्हणून चालल्या आहेत. त्या जागेसाठी इथून दोन अर्ज गेले होते. दुसरा कोणाचा, हे विचारू नका. तो माणूस सध्या माईक धरून उभा आहे. हसा, हसा. पोटात दुखायचं ते दुखतंच आहे.

पाहुण्यांसाठी सांगतो, आमचं काम म्हणजे उंदरांवर पाळत ठेवणं. वळणावळणाची एक पेटी, तिच्यावर कॅमेरा. उंदीर सोडला की संगणकातलं सॉफ्टवेअर त्याचा माग काढतं. कुठे वळला, कुठे थबकला, सगळं टिपतं. शेवटी फाइल सेव्ह करायची. सोपं वाटतं ना? पण नवखा उंदीर एकदाच नवखा असतो. पेटी पाहिली की तो शहाणा झाला. फाइल गेली की प्रयोग गेला, पुन्हा करता येत नाही.

आता या खात्यात सर्वांत जुना मी. पण संगणक रुसला की हाक कोणाला? ताईंना. अहो, घरीसुद्धा तेच! लॅपटॉप अडला की आमची सौ. म्हणते, तुम्ही हात लावू नका, ताईंना फोन लावा. बाहेर राहू दे, निदान घरात तरी माणसाला मान असावा की नाही?

गेल्या वर्षी मोठा प्रयोग होता. उंदीर छान पळाला, मी रुबाबात सेव्हचं बटण दाबलं, आणि पडद्यावर उमटलं, फाइल सेव्ह करता आली नाही. का, ते सांगायची दानत नाही. डिस्कवर जागा भरपूर. अँटिव्हायरस बंद करून पाहिला. शेवटी सगळं बंद करून पुन्हा सुरू करावं म्हणून हात पुढे केला, तेवढ्यात ताई दारातूनच म्हणाल्या, "सर, प्रोग्राम बंद करू नका. आधी डेस्कटॉपवर नुसत्या 'क' नावानं सेव्ह करा."

झाली की सेव्ह! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मग त्यांनी मला मूळ फोल्डरचा पत्ता मोठ्यानं वाचायला लावला.

आपल्या संस्थेची रीत तुम्ही जाणताच. जो साहेब येतो तो स्वतःच्या नावाचा फोल्डर करतो. आधीच्या साहेबांचा काढला तर अपमान, म्हणून एकाच्या पोटात दुसरा. माजी संचालक, त्यात विभागप्रमुख, त्यात मी, माझ्यात ताई. माझा सर्वांत लांब, कारण त्यात माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, झाडून सगळ्या पदव्या आणि शेवटी कंसात 'वरिष्ठ'. सॉफ्टवेअर या सगळ्या पत्त्याची अक्षरं मोजतं. मर्यादेबाहेर गेला की सेव्ह करत नाही. आमच्या मानापमानातच जागा संपली, उंदराला उरलीच नाही.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. ताईंनी स्वतःचा फोल्डर काढला आणि पुढचं सगळं माझ्या फोल्डरमध्ये ठेवलं. प्रयोग माझ्या नावावर गेला, टाळ्या मला मिळाल्या. आणि तरी हेवा मलाच वाटला. नाव काढून टाकल्यावरही लोक जिलाच हाक मारतात, तिला फोल्डर हवा कशाला?

आता आज सकाळचं. ताई घरी, समारंभाच्या तयारीत. आणि फाइल पुन्हा अडली. अध्यक्ष महोदय, क्षमा असावी, पण नवे संचालक म्हणून आपला फोल्डर नुकताच सगळ्यांच्या वर बसला आहे. मी शेजारी उभा असताना मंडळींनी ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "सर आहेत ना तिथे? मग मला कशाला विचारता? त्यांना माहीत आहे."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. किती वर्षं वाट पाहिली होती मी या क्षणाची! आणि तोही ताईंनीच द्यावा?

आधी 'क' केला. मग माझा फोल्डर उघडला. 'वरिष्ठ' काढलं, पदव्या काढल्या, वडिलांची मनातल्या मनात माफी मागून त्यांचंही नाव काढलं. उरलं फक्त आडनाव. फाइल सेव्ह झाली. पत्त्यात थोडी जागा उरली, तिथे माझ्या फोल्डरला पोटात घेणारा नवा फोल्डर केला. नाव दिलं, 'ताई'.

हेवा गेला का? छे! उलट वाढला. आता तुम्ही नसतानाही रोज तुमचंच नाव उघडून मला आत शिरायचं आहे.

ताई, सुखाने जा. फोन मात्र उचलत जा, आमच्या सौ.चा नाही, माझा.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते माझ्या पोटदुखीवर घाला आणि मला माफ करा. चहा आला आहे.