डावा हात जमिनीवर

डॅबनी : नाही, बसत नाही, आणि कोटही काढत नाही. आधी तुझ्या नवऱ्याला खाली बोलाव. त्याच्या तोंडावर सांगायचंय मला.

रेनिटा : तो ओपलला झोपवतोय, कोच. आत्ता कुठे डोळा लागतोय तिचा. जरा हळू बोललात तर उपकार होतील.

डॅबनी : हळू? पोरी, अख्खा जन्म फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला ओरडण्यात गेला माझा. हळू बोलायला गेलो की खोकला येतो.

रेनिटा : मग खोका. पण मला एवढंच सांगा, बातमी चांगली की वाईट? तुमच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. क्लबनं ज्याला काढलं त्याच्या घरी तुम्ही स्वतः जाता, बायकोच्या हातचा केक घेऊन. सगळ्या बायकांना ठाऊक आहे ते. तुमची गाडी वळताना दिसली तशी मी पडदा ओढून घेतला.

डॅबनी : मग बघ की माझ्या हातांकडे. आहे केक?

रेनिटा : नाही.

डॅबनी : मग? शिकलेली ना तू? जोड की दोन आणि दोन.

नील : कोच? एवढ्या बर्फात?

डॅबनी : ये, ये, माझ्या डोंगरा! जिना केवढा करकरतो रे तुझ्याखाली. ऐक. ठेवलं तुला. ठेवलं त्यांनी!

नील : थट्टा करू नका.

डॅबनी : माझ्या आईची शपथ. नवा करार. उद्या खेळाडूंचा बाजार उघडायच्या आत जाहीर करणार. शुक्रवारी क्लबच्या डॉक्टरची तपासणी झाली की सही.

नील : मला वाटलं संपलं. ब्रॅननला ठेवलं, त्या बाहेरून धावणाऱ्या पोराला ठेवलं. माझा फोन महिनाभर गप्प. म्हटलं, रांगेतल्या मधल्या माणसाला कोण ठेवतंय.

डॅबनी : तेच तर भांडलो ना मी! काल दिवसभर वरच्या खोलीत. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती आकडेवाली चष्मिष्ट पोरं. म्हणतात, या माणसानं अख्ख्या हंगामात समोरचे चेंडू फेकणारे पाडले किती? म्हटलं, फारसे नाहीच. मग ठेवायचा कशाला? म्हटलं, ब्रॅननला पोतंभर पैसे ओतून ठेवलंत ना? ब्रॅनन कसा काय पाडतो? नील समोरचे दोन धिप्पाड गडी एकट्याच्या अंगावर घेतो म्हणून ब्रॅनन मागून मोकळा धावतो. नीलला काढा, ते दोघं जाऊन ब्रॅननच्या छाताडावर बसतील. घराची कौलं सगळे मोजतात, म्हटलं, भिंत कोणी मोजत नाही.

नील : आणि पटलं त्यांना?

डॅबनी : छे! एकजण जांभई देत होता. मग मी माझं ठेवणीतलं काढलं. फिल्म लावली. डिसेंबरातली, त्या बर्फातल्या सामन्यापासून पुढची. म्हटलं, डोळे उघडा आणि याचा हात बघा.

नील : कोच, कॉफी घेणार?

डॅबनी : कॉफी राहू दे. रेनिटा, तू ऐक, तुलाही अभिमान वाटेल. हा बाबा शाळेपासून उजवा हात जमिनीवर टेकून उभा राहणारा. चेंडू हलायच्या आधी वाकतो तेव्हा नेहमी उजवा. आणि डिसेंबरात एके दिवशी बघतो तर डावा! मी कडेला उभा. म्हटलं, झोपेत आहे का हा? पण समोरच्यांची गाळण उडाली. सवयच नव्हती ना त्यांना, कळेना कुठून उसळणार ते. हंगामातला सगळ्यात सुंदर खेळ खेळला पठ्ठ्या. म्हटलं त्या चष्मिष्टांना, तिशी ओलांडलेला माणूस, गुडघ्यांना बर्फ बांधून झोपणारा, या वयात नवी विद्या शिकतोय, आणि तुम्ही त्याला वजनावर विकायला निघालात? चष्मे पुसले त्यांनी. मालक स्वतः उठून म्हणाला, याला ठेवा.

नील : मालक म्हणाला?

डॅबनी : अगदी याच शब्दांत. आता रडू नको बाबा, माझंही वय झालंय. आणि हे काय, हिचं तोंड असं का? आमच्या जॉर्जियात अशा बातमीला डुक्कर कापलं असतं. रेनिटा?

रेनिटा : कोच, ती विद्या आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?

नील : रेनी, कॉफी टाक.

रेनिटा : कॉफी तयार आहे. तू ओत कोचना. उजव्या हातानं.

नील : आत्ता नको.

डॅबनी : काय चाललंय तुमचं? भांडण झालंय का? मी नंतर येऊ?

रेनिटा : नाही, तुम्ही बसा. कोट काढा आणि बसा. नील, तू सांगतोस की मी सांगू?

नील : तू शब्द दिला होतास.

रेनिटा : डॉक्टरला सांगणार नाही असा शब्द दिला होता. तो पाळलाय. त्याच गोष्टीचं कौतुक होत असताना मान हलवीत बसेन, असा शब्द नव्हता दिला मी.

डॅबनी : पोरा?

नील : काही नाही, कोच. मान आखडते कधीकधी. कुणाची आखडत नाही?

रेनिटा : त्या बर्फातल्या सामन्याच्या आधीच्या आठवड्यात मानेला मार बसला. घरी आला तो उजवा हात पोटाशी धरून. म्हणाला, झोपला आहे, उठेल. अजून उठलेला नाही. बोटांना काही कळतच नाही त्याच्या. म्हणून डावा टेकायला लागला. नवं काही शिकला नाही तो, कोच. जमीन कुठे आहे हे उजव्या हाताला समजत नव्हतं.

नील : कळतं मला. कमी कळतं, पण कळतं.

रेनिटा : परवा दुधाची बाटली गरम आहे की गार ते बघताना तळवा भाजून घेतलास. फोड आल्यावर कळलं तुला. ओपलला उजवीकडे घेत नाहीस. मी बघते ना. तुला वाटतं मी भांडी घासतेय. मी तुझे हातच बघत असते. पोरगी जन्मली तेव्हा वाटलं होतं, आता बघायला दुसरं काही मिळालं.

डॅबनी : थांबा, थांबा. ताकद तर आहे याच्यात. परवा माझा हात दाबलास तर हाडं वाजली.

नील : तेच म्हणतोय मी. ताकद आहे. शुक्रवारीसुद्धा तेवढंच बघणार. बोटं दाबायला सांगणार, मी दाबणार. विचारणार, मुंग्या येतात का? मी नाही म्हणणार. संपलं.

रेनिटा : आणि तो दुसरा डॉक्टर? दोन गावं सोडून, माझ्या माहेरच्या नावानं ज्याच्याकडे गेलो होतो तो? त्यानं काय सांगितलं ते सांग कोचना.

नील : डॉक्टर लोक घाबरवतातच.

रेनिटा : तसाच दुसरा मार बसला तर हात जाईल म्हणाला. आणि नशीब फिरलं तर हातावर थांबणार नाही म्हणाला. मानेखालचं सगळंच.

डॅबनी : मी... हे बघा, मी काही ऐकलेलं नाही. माझे कान तसेही अधू आहेत. मी आलो, बातमी दिली, निघालो.

रेनिटा : ऐकलंत तुम्ही.

डॅबनी : पोरी, मला कळलं तर मला सांगावं लागतं, समजतंय का तुला? तसा नियमच आहे. आणि मी सांगितलं की हा क्लब तर गेलाच, बाकीचेही याला दारात उभं करणार नाहीत. वाऱ्यासारखी पसरते अशी गोष्ट.

रेनिटा : डोळे मिट, नील.

नील : कशाला?

रेनिटा : कळतं म्हणतोस ना. हात टेबलावर ठेव, पालथा. डोळे मिट. कोच एका बोटाला हात लावतील, कुठलं ते तू सांगायचं. बरोबर सांगितलंस तर शुक्रवारी मी स्वतः गाडी चालवून तुला घेऊन जाईन. पुन्हा तोंड उघडणार नाही.

नील : पोरखेळ आहे हा.

डॅबनी : असू दे. मिट डोळे. माझ्यासाठी मिट.

नील : हं. मिटले. तुझा शब्द मात्र मोडू नकोस हं, रेनी.

रेनिटा : बघू. कोच.

नील : लावा, कोच.

डॅबनी : हं.

नील : लावा ना. एवढा काय विचार करताय? फिल्म निवडताय का?

डॅबनी : पोरा, मी केव्हाचा दाबून धरलाय.

(वरून ओपलच्या रडण्याचा आवाज. कोणीच उठत नाही.)

नील : कुठलं?

डॅबनी : मधलं. नख पांढरं पडलंय बघ.

नील : मला वाटलं होतं... थोडं तरी येतं, असं वाटायचं मला. खरंच. खोटं नव्हतो बोलत.

रेनिटा : ठाऊक आहे मला. येते मी तिला घेऊन.

डॅबनी : बरी बाई आहे तुझी. तिखट आहे, पण बरी आहे.

नील : ती घाबरते, कोच. ओपल शिंकली तरी श्वास मोजत बसते. मला वाटलं, हेही तसलंच.

डॅबनी : मीही बघायला हवं होतं. बोटांची पट्टी दुसऱ्याकडून बांधून घ्यायचास, तेव्हा म्हटलं, म्हातारपणी लाड करून घेतोय.

नील : मालक खरंच म्हणाला, याला ठेवा?

डॅबनी : खरंच.

नील : कधी कुणी म्हणालं नव्हतं. मी कायम उरलेल्या पैशांतला. चेंडू फेकणारा झाला, झेलणारा झाला, पळणारा झाला, मग खाली काही शिल्लक राहिलं तर मी. तक्रार नाही माझी. भिंतीला कोण हार घालतं? पण ऐकायला बरं वाटलं. काय वाटलं सांगू, आईला फोन करावा.

डॅबनी : करशील की. अजून काही बिघडलेलं नाही. आजच्या दिवस विचार कर. उद्या शांतपणे बोलू आपण.

नील : उद्या नको. उद्या मी म्हणेन, कळतंय मला.

डॅबनी : नील.

नील : मी ओळखतो ना स्वतःला. रात्री पांघरुणात बोटं हलवीन, आणि सकाळी उठून सांगेन की आलं, थोडं आलं. रेनी रडेल, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवाल. तुम्हाला ठेवायचाच आहे. फोन करा त्यांना. आत्ता, मला लाज वाटतेय तोवर.

डॅबनी : माझ्याच तोंडून काढतोयस?

नील : मला नाही जमणार.

रेनिटा : गप्प झाली होती खरं तर, मी जाईपर्यंत. तरी घेऊन आले. काय झालं? कोच, कोट का घालताय?

नील : ते फोन करायला गाडीत जाताहेत.

रेनिटा : कुणाला?

नील : ज्यांना करायला हवा त्यांना.

रेनिटा : तू सांगितलंस? तू स्वतः?

नील : हो. आता काही बोलू नकोस, रेनी. चांगलंसुद्धा नको.

रेनिटा : एकच बोलते, नाहीतर जन्मभर पोटात राहील. महिनाभर तुझा फोन वाजला नाही, तेव्हा मी देवाचे आभार मानत होते. तू खिडकीत बसायचास फोन मांडीवर घेऊन, आणि मी आत उभी राहून म्हणायचे, वाजू देऊ नकोस. तुला कुणी मागू नये म्हणून प्रार्थना केली मी.

नील : मला वाटलंच होतं.

रेनिटा : कशावरून?

नील : फोन आला नाही की तू जेवायला गोड करायचीस.

डॅबनी : मी निघतो. आणि हे बघ, वर सांगताना मी तुझं हसं होऊ देणार नाही. मला मात्र हसतील ते. हसू देत. पुढच्या वर्षी ते माझ्यासाठीही कुणाच्या तरी हातात केक देतील बहुतेक.

रेनिटा : कोच, मला माफ करा.

डॅबनी : तुला कशाबद्दल? मी नव्या पोरांना दाखवणार होतो ती फिल्म. ठेवणार होतो शिकवायला.

नील : नका दाखवू. कुणीतरी खरंच शिकेल.

डॅबनी : हं. येतो.

रेनिटा : पायऱ्या सांभाळा, घसरतंय.

नील : खिडकीतून बघ ना. चालू केली गाडी?

रेनिटा : नाही. फोनवर बोलताहेत. एका हातानं हातवारे करताहेत, कुणाशी तरी भांडत असल्यासारखे.

नील : अजून माझ्या बाजूनं भांडत असतील. सवयीनं.

रेनिटा : आता थांबले. झालं वाटतं. ठेवला फोन.

नील : गेले?

रेनिटा : नाही. टोपी काढून बसलेत. नुसते बसलेत, नील. काचेवर बर्फ साचतंय, तेही पुसत नाहीत.

नील : ओपलला दे माझ्याकडे, डाव्या बाजूला. आणि जा, त्यांना आत बोलाव.

रेनिटा : काय सांगू?

नील : सांग, ताट वाढलंय.