चमच्यागणिक भाव

नणंद : डॉक्टर काय म्हणतात ते राहू दे, वहिनी. मी आत्ता दाराशी उभी राहून ऐकलंय सगळं. डाळिंबाच्या रसाचा एक चमचा दादाच्या तोंडात घालायचा आणि त्याचा भाव सांगायचा. ही कुठली गं तऱ्हा?

भावजय : खोटा सांगितला का? बाजारात विचारून या. डाळिंबं महागच आहेत यंदा.

नणंद : त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

भावजय : येतं ना. मऊ टॉवेलनं पुसते मी. टॉवेल नवा आणलाय, त्याचाही भाव सांगून झालाय.

नणंद : अगं, झटका येऊन माणूस आडवा झालाय. सगळं अंग लुळं पडलं, वाचा गेली. पापण्या तेवढ्या हलतात त्याच्या. अशा माणसावर कसला सूड उगवतेस?

भावजय : सूड? शेजारीपाजारी विचारा, सगळे माझं नाव काढतात. हवेची गादी आणली, पाठीला एक जखम नाही. रोज धुतलेली चादर. खोलीत दोन दिवे, पंखा, सगळं चालू. खोलीत कोणी नसलं तरी चालू. बायकोनं आणखी काय करायचं असतं?

नणंद : तेच म्हणतेय मी. ज्या माणसानं जन्मभर साबणाच्या चिपट्या एकमेकींना चिकटवून अंघोळ केली, त्याच्यासमोर तू भर दुपारी दिवे जाळतेस. पलंग पण असा फिरवलायस की पडल्या पडल्या त्याला स्वयंपाकघरातला नळ दिसावा.

भावजय : नळ जरा गळतो. प्लंबरला बोलवायला वेळच मिळत नाही बघा मला.

नणंद : काटकसर म्हणजे काय गुन्हा आहे का? आम्ही वाढलोच तसे. बाबा गेल्यावर पै पै जोडून दादानं मला शिकवलं.

भावजय : शिकवलं, नाही कुठे म्हणते मी? हात कुठे आखडायचा आणि कुठे सैल सोडायचा, ते ठरवायचं मात्र ह्यांनीच. तुमच्या फीला सैल. मला सकाळच्याच पत्तीचा संध्याकाळी पुन्हा उकळलेला चहा. प्यायले की मी. चप्पल खिळे मारून मारून वापरली, वर हसले. त्याचा राग असता तर कधीच निघून गेले असते.

नणंद : मग राग आहे तरी कशाचा?

भावजय : जाऊ द्या. चहा टाकू?

नणंद : चहा नको मला. खाली गाडी उभी केलीय, दादाला झोपवून नेता येईल अशी. मी त्याला न्यायला आलेय. माझ्याकडे जुनी चादर मिळेल त्याला, पण सुखानं झोपेल तरी.

भावजय : नाही न्यायचं.

नणंद : का? तुझाच भार हलका होईल.

भावजय : तुमच्याकडे त्यांना बरं वाटेल. खोलीतून उठताना तुम्ही बटण बंद कराल, सूप पाणी घालून वाढवाल. त्यांच्या जिवाला थंडावा. मला तो द्यायचा नाहीये.

नणंद : काय बोलतेस ते तुझं तुला तरी कळतंय का?

भावजय : चांगलं कळतंय. वन्सं, जुन्या घराचा जिना आठवतो तुम्हाला?

नणंद : न आठवायला काय झालं? तिथेच पडलीस ना तू. सातव्या महिन्यात.

भावजय : पाय घसरला म्हणून पडले, एवढंच सगळ्यांना माहीत. सासूबाई जाईपर्यंत ऐकवत राहिल्या, हिच्या पायात भिंगरी, माझं नातवंड गिळलं हिनं.

नणंद : आई बोलायची, खरंय.

भावजय : जिन्यातला दिवा आपल्या मीटरवर होता. वरचे भाडेकरू फुकटचा उजेड वापरतात म्हणून ह्यांनी बल्ब काढून कपाटात ठेवला. मी सांगितलं होतं, पोट आडवं येतं, मला पायरी दिसत नाही. तर म्हणाले, कठड्याला धरून उतर. हातात तेलाची बरणी होती माझ्या. कठडा धरू कशानं?

नणंद : हे कधी कोणी बोललं नाही.

भावजय : कोण बोलणार? दवाखान्यात आले आणि पहिलं काय विचारलं, तर बरणी फुटली का. मी घरी आले तेव्हा जिन्यात बल्ब लख्ख. तुम्ही सगळे भेटायला येणार होतात ना. सासूबाईंनी वर बघितलं, खाली बघितलं, म्हणाल्या, एवढ्या उजेडात पडलीच कशी ही? हे शेजारी उभे होते.

नणंद : आणि दादा काहीच बोलला नाही?

भावजय : शब्दसुद्धा वाचवला. पुन्हा मूल झालं नाही, तेही माझ्याच नावावर पडलं.

नणंद : तू तरी सांगायचंस गं.

भावजय : मी का सांगायचं? त्यांनी सांगावं म्हणून वाट बघत बसले. जन्म गेला त्यात. आता तर वाचाच गेली. तोंडातून निघायचं नाही ते मी डोळ्यांतून काढतेय. घेतलाच सूड, जा. मनाला गार वाटतं मला.

नणंद : तरीपण मी त्याला विचारणार. यायचं असेल तर नेणार, तुझ्या नाकावर टिच्चून.

भावजय : विचारा खुशाल. 'हो' असेल तर एकदा डोळे मिटतात, 'नाही' असेल तर दोनदा. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत 'हो' म्हणतील.

(नणंद आतल्या खोलीत जाते. बऱ्याच वेळानं बाहेर येते.)

भावजय : झालं? कपडे भरू त्यांचे?

नणंद : नाही म्हणाला.

भावजय : गाडीचं भाडं ऐकून हबकले असतील.

नणंद : भाड्याचं मी काढलंच नाही. सरळ विचारलं, वहिनी छळते तुला, मला कळलंय, तरी इथेच राहायचंय? तर हो. मग बल्बचं विचारलं.

भावजय : ते कशाला?

नणंद : त्याच्याकडून ऐकायचं होतं मला. बल्ब तू काढला होतास का? हो म्हणाला. वहिनीची काही चूक होती का? तर नाही. मी परत विचारलं, परत नाही. तिसऱ्यांदा विचारायला माझ्यानं नाही धजवलं.

भावजय : वाट बघितली मी, आणि ऐकलं तुम्ही.

नणंद : मग जा ना आत. तुलाही सांगेल तो.

भावजय : माफ वगैरे करायला मी बसलेली नाही, आधीच सांगते.

नणंद : नको करूस. नुसती जा.

भावजय : जाते. तुम्ही आधी ती खालची गाडी परत पाठवा, वन्सं. उभ्या उभ्या भाडं चढतंय.